एका खेळाडूचा देश, एका देशाची समिती

ऑलिम्पिकसाठी खेळाडूला स्वतःचे नाव स्वतः देता येत नाही, आणि त्याच्या सरकारलाही ते देता येत नाही. हा अधिकार ऑलिम्पिक सनदेने त्या त्या देशाच्या राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला दिला आहे, आणि फक्त तिलाच. मोठ्या देशांत हा नियम कोणाच्या लक्षातही येत नाही. पॅसिफिक महासागरातील नौरूला मात्र तो एका वेटलिफ्टरमुळे कळला.

नौरू म्हणजे विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेले 21 चौरस किलोमीटरचे एकच बेट. लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. 31 जानेवारी 1968 रोजी देश स्वतंत्र झाला आणि फॉस्फेटच्या खाणींमुळे काही काळ जगातल्या श्रीमंत देशांत गणला गेला. मार्कस स्टीफन हा या बेटावरचा तरुण ऑस्ट्रेलियात शिकत असताना वेटलिफ्टिंगकडे वळला. 1990 च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत नौरूच्या पथकात तो एकटाच होता, आणि त्याने स्नॅचचे सुवर्ण व आणखी दोन रौप्यपदके मिळवली. दोन वर्षांनी बार्सिलोना ऑलिम्पिक आले, पण नौरूला मान्यताप्राप्त ऑलिम्पिक समितीच नव्हती. स्टीफनने सामोआचे नागरिकत्व घेतले आणि सामोआच्या पथकातून वजन उचलले. ताकद नौरूची होती, नोंद सामोआच्या नावावर झाली.

या प्रसंगानंतर 1994 मध्ये नौरूच्या समितीला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता मिळाली. मान्यतेची मुख्य अट लहान देशाला जड जाते. ऑलिम्पिकमधील किमान पाच खेळांचे राष्ट्रीय महासंघ देशात असावे लागतात, आणि ते आपापल्या आंतरराष्ट्रीय महासंघांशी संलग्नही असावे लागतात. प्रत्येक महासंघाला घटना लागते, पदाधिकारी लागतात, निवडणूक घ्यावी लागते, हिशेब ठेवावा लागतो. बारा हजारांच्या वस्तीत एवढी माणसे उभी करणे हेच मोठे काम आहे. त्यातच बेटावरचा सर्वांत लोकप्रिय खेळ, ऑस्ट्रेलियन फुटबॉल, ऑलिम्पिकमध्ये नाही.

1996 मध्ये अटलांटात नौरूचे पथक प्रथमच उतरले: स्टीफन, जेरार्ड गाराब्वान आणि क्विन्सी डेटेनामो, तिघेही वेटलिफ्टर. 2000 मध्ये महिलांचे वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये आले आणि त्याच वर्षी सिडनीत शीव्हा पेओ नौरूकडून खेळली. पुढे युकिओ पीटर आला, आणि सलग तीन ऑलिम्पिक खेळलेला इट्टे डेटेनामोही. 2008 मध्ये बीजिंगला तो एकटाच गेला होता.

खेळाडू एक असो वा पाचशे, समितीचे काम त्या प्रमाणात कमी होत नाही, आणि या संस्थेबद्दल आदर वाटतो तो इथेच. निवड होऊ शकेल अशा सर्वांची लांबलचक यादी कित्येक महिने आधी पाठवावी लागते, कारण ओळखपत्रे तिच्यावरूनच तयार होतात. मग मुदतीच्या आत अंतिम प्रवेशिका जातात. त्यासोबत खेळाडूचे नागरिकत्व, वय आणि नियम मान्य असल्याची त्याची सही लागते. पथकप्रमुख नेमावा लागतो. क्रीडाग्राम उघडताना संयोजकांसोबत बसून प्रत्येक नाव पडताळून घेणे त्याच्याकडे असते. गणवेश, विमा, औषधांची यादी, संचलनाचा ध्वजवाहक हे सगळे याच मोजक्या माणसांनी पाहायचे. अमेरिकेच्या समितीकडे या कामांसाठी विभाग आहेत. नौरूत एकाच टेबलावर हे सारे येते. उत्तेजक चाचणीची यंत्रणा एकट्याने उभारणे अशा देशांना परवडणारे नाही. म्हणून ओशियानियातील लहान देशांसाठी फिजीतील सुवा येथून एक प्रादेशिक संस्था ते काम पाहते.

पैसा मुख्यतः ‘ऑलिम्पिक सॉलिडॅरिटी’ या निधीतून येतो. प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला समित्यांचा वाटा या मार्गाने त्यांच्यापर्यंत पोहोचतो. 2021 ते 2024 या चार वर्षांसाठी ही तरतूद 59 कोटी डॉलरची होती, आणि ती दोनशेहून अधिक समित्यांसाठी होती. त्यातून कार्यालयाचा खर्च, प्रशिक्षकांचे वर्ग, खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या आणि ऑलिम्पिकच्या प्रवासाचा काही भार निघतो. शिष्यवृत्तीचे मोल नौरूला विशेष आहे. पॉल कोफा या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाने चालवलेल्या ओशियानिया वेटलिफ्टिंग प्रशिक्षण केंद्रात पॅसिफिकमधील बेटांचे वेटलिफ्टर एकत्र राहून सराव करत. हे केंद्र फिजी, सामोआ, न्यू कॅलेडोनिया असे फिरत राहिले. नौरूचे अनेक चांगले वेटलिफ्टर असे घरापासून दूर घडले.

समितीने सरकारपासून स्वतंत्र राहावे, असे सनद सांगते. ही अट किती कडक आहे, हे भारतीयांना ठाऊक आहे: डिसेंबर 2012 मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित झाली आणि 2014 च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकच्या संचलनात भारतीय खेळाडू ऑलिम्पिक ध्वजाखाली चालले. नौरूत ही सीमारेषा आखणेच अवघड. मार्कस स्टीफन 2007 ते 2011 या काळात देशाचा राष्ट्राध्यक्ष होता, नंतर संसदेचा सभापती झाला, आणि ऑलिम्पिक समितीचे अध्यक्षपदही त्याच्याकडे आले. शिकलेली, जग पाहिलेली माणसे थोडी असली की तीच माणसे सगळीकडे दिसतात. यात गैर काही घडतेच असे नाही, पण समितीला सरकारपुढे नाही म्हणायची वेळ आली तर ते कोणी म्हणायचे, हा प्रश्न उरतोच.

त्याहून मोठी चिंता खेळाचीच आहे. उत्तेजकांच्या प्रकरणांमुळे आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या गैरकारभारामुळे वेटलिफ्टिंगचे ऑलिम्पिकमधले स्थान आक्रसत गेले. रिओमध्ये या खेळाच्या 260 जागा होत्या, टोकियोत 196 झाल्या आणि पॅरिसमध्ये 120 उरल्या. वजनगटही 15 वरून 10 वर आले. चूक नौरूची नव्हती, पण जागा कमी झाल्या त्या सर्वांसाठी. टोकियोत नौरूची नॅन्सी अबूके वेटलिफ्टिंगमध्ये होती. पॅरिसला नौरूचा एकही वेटलिफ्टर नव्हता. देशाचा ध्वज घेऊन विन्झार काकियूआ हा एकटा धावपटू गेला.

तो ज्या वाटेने गेला ती लहान समित्यांसाठीच ठेवलेली आहे. ज्या देशाचा एकही धावपटू पात्र ठरत नाही, त्याला अ‍ॅथलेटिक्समध्ये 100 मीटरसारख्या मोजक्या शर्यतींत आपला सर्वोत्तम खेळाडू पाठवता येतो. इतर काही खेळांतही मागील दोन ऑलिम्पिकमध्ये सरासरी आठ किंवा त्याहून कमी खेळाडू पाठवलेल्या समित्यांना अर्ज करता येतो. ही सोय न्याय्य आहे, पण तिच्यावर विसंबून पिढी घडत नाही. प्राथमिक फेरीपुरते धावून परतणारा खेळाडू आणि पात्रतेच्या बळावर जाणारा वेटलिफ्टर यांच्यातले अंतर बेटावरच्या मुलांनाही दिसते.

मुलांची स्थिती मुळातच बिकट आहे. खाणींनी बेटाचा मधला पठारी भाग उकरून निकामी केला आहे, त्यामुळे वस्ती आणि मैदाने किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यात दाटली आहेत. आयात केलेल्या अन्नावर जगणाऱ्या या देशात लठ्ठपणा आणि मधुमेह यांचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. परदेशी स्पर्धेला जायचे तर मोजक्याच विमानफेऱ्या असतात, आणि पात्रता गुण अशा परदेशी स्पर्धांतूनच मिळतात. त्यामुळे समितीला पदकापेक्षा आधी तिकिटाचा हिशेब मांडावा लागतो: वर्षभरात कोणाला कोणत्या स्पर्धेला पाठवले तर तो क्रमवारीत पुरेसा वर चढेल. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्येही वेटलिफ्टिंगच्या जागा 120 च ठेवल्या आहेत.