झाकली सुरी सव्वा लाखाची

मराठी स्वयंपाकघरानं पिढ्यान्‌पिढ्या एक गंमत केली. कापायच्या मुख्य हत्याराला मूठच दिली नाही. विळीचं पातं पाटात रोवलेलं, पाट पायाखाली दाबलेला, आणि हलायचं ते भाजीनं. मिटणारी विळी तर पातं पाटावर आडवं करून निवांत झोपते. मग स्वयंपाक उभ्यानं सुरू झाला, ओट्यावर सुरी आली आणि तिच्याबरोबर आली प्लॅस्टिकची मूठ. ती दोन वर्षांत सैल होते, पातं मात्र पुढची दहा वर्षं ठणठणीत असतं.

त्या पात्याला लाकडाची नवी मूठ आणि म्यान करायला कारखाना लागत नाही. करवत, कानस, पटाशी, दोन शिकंजे आणि 80 पासून 400 नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर एवढ्यावर पुण्याच्या वारज्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीतही हे काम होतं. बाकी सगळी करामत लाकडाची. तर ऐका त्याच्या गोष्टी, काही उपयोगाच्या आणि काही नुसत्या चारचौघांत सांगायच्या.

वारज्याचं जंगल फक्त बघायचं

5 जून 2020 ला केंद्र सरकारनं देशभरात 200 ‘नगर वन’ उभारायची घोषणा केली, तेव्हा नमुना म्हणून दाखवलं ते वारज्याचं स्मृतिवन. सुमारे 40 एकर उजाड टेकडी. तिथे आता वनस्पतींच्या 23, पक्ष्यांच्या 29 आणि फुलपाखरांच्या 15 जातींची नोंद आहे. मुठीसाठी तिथली काडीसुद्धा उचलायची नाही, हे वेगळं सांगायला नको. सोसायटीच्या आवारातलं झाडही आपलं नसतं. शहरातली झाडं तोडायला 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी लागते.

मग लाकूड आणायचं कुठून? भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात किंवा सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यांत शोधा. त्याहून सरस म्हणजे मोडका पलंग, जुन्या वाड्याच्या खिडकीची चौकट. ताजं लाकूड सावलीत वाळवायचं तर इंचभर जाडीला वर्षभर, असा सुतारकामातला ढोबळ हिशेब आहे. आजोबांच्या पलंगाचा खूर ही शिक्षा कधीच भोगून मोकळा झालेला असतो.

वजनकाट्यावर झाडं

बारा सेंटिमीटर लांब, तीन रुंद, दोन जाड अशी मूठ धरा. सागाची केली तर साधारण 45 ते 50 ग्रॅम भरेल, शिसवाची साठच्या आसपास. खानदेशातल्या अंजनाची केली तर त्याहून बरीच जड, आणि ती पाण्यात टाकली तर दगडासारखी तळ गाठेल. अंजन भारतातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. पातं हलकं असेल तर अंजनाच्या नादी लागू नका, सगळं वजन मागे जाऊन सुरी हातात डोलायला लागते.

साग सगळ्यांचा लाडका, पण त्याच्या दोन खोड्या आहेत. त्याच्यात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते. आणि तो तेलकट असतो, त्यामुळे चिकटवण्याआधी थिनरनं पुसला नाही तर सरस धरत नाही.

चिंचेचा गाभा जांभळट तपकिरी आणि भलताच चिवट. मटणाच्या दुकानातला तो गोल ठोकळा बहुधा चिंचेचा असतो. रोज सुऱ्याचे घाव खाऊन टिकणारं लाकूड मुठीला कमी कसं पडेल? फणसाचं लाकूड कापल्यावर हळदीसारखं पिवळं दिसतं आणि वर्षं जातील तसं तपकिरी होत जातं. आग्नेय आशियात याच लाकडाच्या रंगात बौद्ध भिक्षूंची चीवरं रंगवत. बिवळ्याचं लाकूड पाण्यात ठेवलं तर पाणी तपकिरी होतं आणि उन्हात धरलं की निळसर चमकतं. मधुमेहावर म्हणून विकतात ते लाकडी पेले याचेच. बिवळ्याची मूठ सुंदर दिसते, पण सिंकमध्ये विसरलात तर भांड्यांतल्या पाण्याचाही काढा होईल.

शिसव मात्र आंतरराष्ट्रीय प्रकरण आहे. 2 जानेवारी 2017 पासून शिसवाचं जवळजवळ अख्खं कूळ, म्हणजे डालबर्जिया वंशातल्या एक सोडून सगळ्या जाती, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेल्या आणि व्यापारावर परवान्याची अट आली. हस्तकलावाल्यांनी ओरड केली. 2019 मध्ये सवलत मिळाली: तयार वस्तूंच्या एका खेपेत दहा किलोपर्यंत या लाकडाला परवाना नको. आपल्या साठ ग्रॅमच्या हिशेबानं दहा किलोत दीडशेहून जास्त मुठी बसतात. अमेरिकेतल्या लेकीला एक सुरी पाठवायला तेवढी सवलत पुरे.

खुरपं आणि साशिमी

खुरप्याला मूठ कशी बसवतात ते गावाकडे पाहिलं असेल. पात्यामागचं निमुळतं शेपूट तापवायचं, लाकडात आधी पाडलेल्या भोकात घालायचं, धूर निघतो, लाकूड आतून जळून शेपटाच्या आकाराचं होतं आणि दोन ठोक्यांत काम फत्ते. जपानमध्ये साशिमी कापायच्या महागड्या सुरीची मूठ हेच तंत्र वापरून बसते. तापवताना पातं ओल्या फडक्यात गुंडाळतात, नाहीतर पोलादाचं पाणी उतरतं. ओसाकाजवळच्या साकाइ शहरात लोहार वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. आपल्याकडच्या लोहार, शिकलगार आणि सुतार यांना तिथे पाहुणे म्हणून नेलं तर भाषेशिवाय काही अडणार नाही.

जपानी मूठ होनोकी नावाच्या, सोनचाफ्याच्या भावकीतल्या हलक्या लाकडाची, आणि तोंडाशी म्हशीच्या शिंगाचं कडं. मुसळाच्या टोकाला असतं तसंच, लाकूड चिरू नये म्हणून. काही मुठी एका बाजूला उंचवटा ठेवून करतात. त्या उजव्या हाताच्याच असतात. डावखुऱ्याला उलटी करवून घ्यावी लागते. अष्टकोनी मुठीत हा भेदभाव नाही.

आपल्या जुन्या तलवारींच्या मुठीत पातं बसवायचं ते लाखेच्या गरम मसाल्यानं. आज ती जागा अराल्डाइटनं घेतली. दोघांची दुखरी नस एकच, उष्णता. म्हणून लाकडी मुठीची सुरी उकळत्या पाण्यात किंवा डिशवॉशरमध्ये घालणाऱ्याला माझ्या लेखी माफी नाही.

पावसात केलेली मूठ एप्रिलमध्ये बोलते

लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. लांबीला जवळजवळ फरक पडत नाही, फुगतं आणि आक्रसतं ते रुंदीला. पुण्यात ऑगस्टची दमट हवा आणि एप्रिलच्या दुपारची कोरडी हवा यांत जमीन-अस्मानाचा फरक. पात्याचं पोलाद मुठीच्या पूर्ण लांबीचं असेल आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या रिव्हेटनं बसवल्या असतील, तर पावसाळ्यात गुळगुळीत घासलेल्या मुठीवर एप्रिलमध्ये बोट फिरवा. पोलादाची कड टोचते. पोलाद वाढलेलं नाही, लाकूड मागे सरलंय. म्हणून हे काम थंडीत काढावं हे बरं.

याच्या उलट युक्ती शेतकरी करतात. कुदळीचा दांडा सैल झाला की पाण्यात बुडवून ठेवतात. फुगलेला दांडा दुपारपर्यंत घट्ट राहतो, पण लोखंडाच्या भोकात दाबले गेलेले तंतू वाळल्यावर पहिल्याहून सैल होतात. कर्ज फेडायला कर्ज काढण्याचाच हा प्रकार.

दांड्यांचा राजा धावडा. कुऱ्हाडीला तोच लागतो, कारण झटका सोसतो आणि लवतो. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणताना आपण बहुधा धावड्याचीच बदनामी करत असतो.

चटणीचं तेल

मुठीला तेल पाजायचं तर शेंगदाण्याचं नको. ते सुकत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन कडक थर धरतं. जवसाच्या चटणीच्या देशात राहून आपण परदेशी डब्या मागवतो, याची मजा वाटते. मात्र एक गोष्ट गमतीत घेऊ नका. जवसाचं तेल पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर सुकताना निघणारी उष्णता आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. ते दोरीवर पसरून वाळवा. घासताना तोंडाला मास्क हवाच. लाकडाच्या भुश्श्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 पासून पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या पंक्तीला बसवलंय. शिसवाच्या भुश्श्यानं काहींना अंगावर पुरळही उठतं.

म्यान: आत काय चिकटवलंय?

चामड्याचं म्यान झोकदार दिसतं, पण ओलावा धरतं, आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला गंज आणतात. लाकडातही निवड आहेच. बाभळीत टॅनिन भरपूर. तिची साल चामडं कमवायला वापरतात ते त्यामुळेच. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळी शाई तयार होते. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई हाच खेळ. त्यामुळे कार्बन स्टीलच्या सुरीला बाभळीचं म्यान केलंत तर पात्यावर आपोआप लेखन सुरू.

जपानी लोक म्यानालाही होनोकीच वापरतात. मऊ, राळ नाही, पात्याला ओरखडा नाही. दोन फळ्या आतून कोरायच्या आणि मिटवायच्या. धार कुठेच टेकता कामा नये, पातं पाठीच्या आधारानं बसलं पाहिजे. समुराई तलवारीच्या म्यानाची गंमत आणखी न्यारी. ते भाताच्या खळीनं चिकटवत, कारण खळ मुद्दामच कच्ची. आत गंज धरला तर म्यान उकलून साफ करायचं आणि पुन्हा भात कालवून बंद करायचं. पतंगाला शीत चोळणाऱ्या कुठल्याही पोराला हे तंत्र शिकवायला नको.

फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये म्यानाची कटकटच मिटवली. लाकडाची मूठ, तिला खाच, पातं मिटून खाचेत. 1955 मध्ये पातं जागेवर अडकवणारं फिरतं कडं आलं. आपल्या मिटत्या विळीची ही फ्रेंच चुलतबहीणच म्हणायची.

पोलिसमामा आणि नवरदेव

नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांच्या नियमांखाली येते, पण घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेली वगळून. म्हणजे कलिंगडाचा लांब सुरा कायद्यानं निरागस. तरी तो उघडा घेऊन पीएमपीच्या बसनं वारजे-माळवाडी गाठायचा प्रयोग करू नये. म्यान त्यासाठीच असतं.

लग्नात हळद लागली की नवरदेवाच्या हाती कट्यार येते आणि टोकाला लिंबू खोचतात. कट्यार घरात नसेल तर अडकित्ता किंवा सुरीही चालते. जगातलं सर्वांत स्वस्त म्यान, वर सरबतही होतं. अडकित्त्यांचे नखरे बघायचे असतील तर बाजीराव रस्त्यावरचं केळकर संग्रहालय गाठा. दिनकर केळकरांनी जमवलेल्या त्या खजिन्यात मुठींवरची कारागिरी बघून आपल्या बाल्कनीतल्या कामाची लाजच वाटते.

तेलाचा मुहूर्त मात्र खंडेनवमीचा. पावसाळा सरलेला, हवा कोरडी व्हायला लागलेली, आणि हत्यारं पूजेला बाहेर आलेलीच असतात. आधी सुरी पूजा, मग मुठीला जवसाचं तेल. लाकडावर हळदीचा डाग राहिला तर दोन दिवस उन्हात ठेवा, हळदीचा पिवळा रंग उन्हात उडतो. बाजारच्या कुंकवाची खात्री नाही, म्हणून कुंकू पात्याला लावा.