व्हेंटिलेटरनंतरची धाप : दरवेळी दमा नसतो

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि मुंबई-गोवा महामार्ग पनवेलजवळ सुरू होतात. अशा महामार्गांवरील अपघातात डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाला अनेकदा श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. नळीमुळे जीव वाचतो. पण काहींना पुढे वेगळाच त्रास सुरू होतो.

नळीच्या टोकाजवळ हवेचा छोटा फुगा असतो. आजूबाजूने हवा निसटू नये आणि लाळ फुप्फुसात उतरू नये, हे त्याचे काम. त्याचा दाब साधारण 20 ते 30 सेंटिमीटर पाणी इतका ठेवतात. दाब त्याहून वाढला, तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. तिथे जखम होते आणि ती भरताना तयार होणारा कडक व्रण मार्ग आवळत जातो.

हे लगेच कळत नाही. घरी गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जिना चढताना धाप लागते, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, कफ सुटत नाही. दमा समजून पंप दिला जातो, पण त्याने फरक पडत नाही. सीटी स्कॅन आणि दुर्बिणीच्या तपासणीत खरे कारण दिसते. फुग्याने किंवा लेसरने मार्ग रुंद करता येतो. काहींमध्ये अरुंद भाग कापून टोके जोडतात.

म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि धाप लागल्यास ‘व्हेंटिलेटरवर होतो’ हे डॉक्टरांना आधी सांगा. शांत बसल्यावरही घशातून आवाज येत असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.