लेकीच्या परिषदेला दिल्लीला जाताना

आपल्या वस्त्यांमधून आता मुले-मुली एम.ए., पीएच.डी.पर्यंत जाऊ लागली आहेत. घरात पहिली पदवी आली की आपण पेढे वाटतो, गळ्यात हार घालून फोटो काढतो. पण त्यापुढचे काही टप्पे असे असतात की त्यांची माहिती घरात, शेजारात, कोणालाच नसते. परिषद हा असाच एक टप्पा. त्याचा आम्हा उभयतांना आलेला अनुभव येथे सांगत आहोत. इतर आईवडिलांना उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

आमची थोरली पीएच.डी. करते. सिन्नरच्या बिडी कामगार स्त्रिया हा तिचा विषय. तिची आजी आणि आई दोघींच्या बोटांनी हेच काम केलेले, त्यामुळे विषय शोधायला तिला लांब जावे लागले नाही. गेल्या जानेवारीत दिल्लीतील एका महाविद्यालयाच्या परिषदेत तिचा निबंध स्वीकारल्याचे पत्र आले. वाचनाला वेळ किती? पंधरा मिनिटे! "पंधरा मिनिटांसाठी तेराशे किलोमीटर?" तिच्या आईने विचारले. लेक म्हणाली, "आई, तू पण चल. निबंध तुझ्यावरच आहे." झाले. आम्ही तिघेही निघालो. भिशीचे पैसे त्याच महिन्यात मिळाले होते, ते कामी आले.

तिकिटाचा हिशेब

रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती. म्हणून परिषदेची तारीख कळली की त्याच आठवड्यात तिकिटाचे बघावे. तत्काळवर भिस्त ठेवू नये. तत्काळ तिकीट आदल्या दिवशी मिळते, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी 10 पासून आणि स्लीपरसाठी 11 पासून. काही मिनिटांत सारे संपते आणि दरही जास्त पडतो. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, हेही आजोबांना सोबत नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मात्र 35 वर्षांपर्यंतच्या संशोधक विद्यार्थ्यांना संशोधनाच्या कामासाठी जाताना दुसऱ्या वर्गात आणि स्लीपरमध्ये सवलतीची तरतूद आहे. त्यासाठी संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन खिडकीवरच जावे लागते. आम्हाला ही गोष्ट तिकीट काढून झाल्यावर कळली. तुम्ही आधी विचारा.

नाशिकरोडहून आम्ही पंजाब मेल धरली. भुसावळ, खांडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा असा तिचा रस्ता. रात्री बसलो की दुसऱ्या दिवशी रात्री नवी दिल्ली. निबंधवाचन त्याच्या पुढच्या सकाळी अकरा वाजता. मुलीची आई म्हणत होती, "एक दिवस आधी निघू. परक्या गावाला जायचे आहे." आम्ही लॉजच्या एका दिवसाच्या भाड्याचा विचार केला आणि तिचे ऐकले नाही. ही चूक आमची.

धुके

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे धुके पडते हे आम्ही ऐकून होतो. ते काय असते ते ग्वाल्हेर सोडल्यावर दिसले. खिडकीबाहेर जणू पांढरा पडदा टाकलेला. पुढचा सिग्नल दिसत नाही म्हणून गाडी हळू चालते, मध्येच उभी राहते, आणि एक गाडी रखडली की तिच्यामागच्या सगळ्या रखडतात. रात्रीचे नऊ वाजले, अकरा वाजले, दोन वाजले. दिल्लीचा पत्ता नाही. लेक गप्प बसली होती. आम्ही मनात लॉजच्या भाड्याचे आकडे आणि तिच्या तीन वर्षांच्या कष्टाचे आकडे शेजारी शेजारी मांडत होतो आणि शरमत होतो.

शेवटी आईच म्हणाली, "बसून काय करतेस? वाच की मला. मराठीत सांग." डब्यातल्या मिणमिणत्या दिव्याखाली लेकीने इंग्रजी निबंध मराठीत सांगायला सुरुवात केली. पान भिजवणे, पत्र्याच्या मापाने कापणे, तंबाखू भरून वळणे, पंचवीसची जुडी बांधणे, हजारावर मजुरी, 1966 चा बिडी कामगारांचा कायदा, सारे आले. छाट बिडीपाशी आल्यावर आईने तिला थांबवले. तपासणारा ज्या बिड्या वाईट म्हणून बाजूला काढतो, त्यांना छाट म्हणतात. निबंधात एवढेच होते की छाट वगळून मजुरी दिली जाते. आई म्हणाली, "आणि छाट जाते कुठे, ते लिहिले नाहीस? आमच्याकडे ती कधी परत दिली नाही, आमच्यासमोर कधी मोडलीही नाही. पान आमच्या हातचे, वेळ आमचा, आणि बिडी त्यांची." लेकीने पेन काढले आणि कागदाच्या समासात ते लिहून घेतले.

स्टेशनापासून सभागृहापर्यंत

सकाळी सहा वाजून गेल्यावर गाडी नवी दिल्लीला लागली. नऊ तास उशीर. लॉजला जाऊन यायला वेळ नव्हता. प्रतीक्षालयात हातपाय धुतले, लेकीने साडी बदलली. सामान क्लोकरूममध्ये ठेवले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा, क्लोकरूममध्ये कुलूप लावलेली बॅगच घेतात. आमच्या पिशवीला कुलूप नव्हते. ती खांद्यावर घेऊनच फिरलो.

नवी दिल्ली स्टेशनला दोन बाजू आहेत. 1 नंबर फलाटाकडची पहाडगंजची आणि 16 नंबरकडची अजमेरी गेटची. मेट्रोला जायचे तर अजमेरी गेटच्या बाजूला उतरावे. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर रिक्षावाले घेरतात आणि नवखा माणूस ओळखायला त्यांना क्षणही लागत नाही. मेट्रोत शिरताना सामान यंत्रातून जाते, अंगझडती होते, बायकांची रांग वेगळी असते. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटे हाताशी ठेवावीत. गाडीच्या जाण्याच्या दिशेचा पहिला डबा स्त्रियांचा असतो. मायलेकी त्यात बसल्या आणि आम्ही दुसऱ्यात. उतरायचे स्टेशन आधीच ठरवून घेतले होते, नाहीतर चुकामूक ठरलेली.

दिल्ली विद्यापीठाकडे जाणाऱ्यांनी पिवळी लाईन ध्यानात ठेवावी. समयपूर बादलीच्या दिशेची गाडी धरली की चावडी बाजार, चांदनी चौक, काश्मिरी गेट, सिव्हिल लाइन्स, विधानसभा आणि मग विश्वविद्यालय. नवी दिल्लीहून सहावे स्टेशन. कुठे बदलायचे नाही. बाहेर बॅटरीच्या रिक्षा माणशी भाड्याने महाविद्यालयांपर्यंत सोडतात. भाडे बसण्याआधी विचारावे.

सव्वानऊला आम्ही फाटकात उभे होतो. लेकीच्या हातातील कागद बघून पहारेकऱ्याने तिला सलाम केला. तिच्या आईने तो पाहिला.

पंधरा मिनिटे

सभागृहात आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. इंग्रजी आम्हाला फारसे कळत नाही, पण लेकीचा आवाज कुठे कापतो आणि कुठे कापत नाही ते कळत होते. निबंध संपल्यावर एका प्राध्यापिकेने प्रश्न विचारला. छाट बिडीचा जो मुद्दा तुम्ही मांडला, त्याला आधार काय? कोणत्या पुस्तकात, कोणत्या अहवालात आहे? लेक क्षणभर थांबली. मग म्हणाली, "हे माझ्या आईने काल रात्री गाडीत सांगितले. तिने तीस वर्षे बिड्या वळल्या आहेत. ती इथेच बसली आहे."

सारी डोकी मागे वळली. आईने पदर सावरला. अध्यक्षस्थानी असलेले वयस्क गृहस्थ लेकीला म्हणाले, असे तोंडी सांगणेही पुरावाच असतो; फक्त तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचे काम आणि तिची परवानगी यांसह मुलाखत म्हणून नोंदव, आणि अशा आणखी बायकांना विचार. हे आम्हाला लेकीने नंतर जेवताना समजावून सांगितले. आईने विचारले, "म्हणजे माझे नाव पुस्तकात येणार?" लेक म्हणाली, "तू हो म्हणालीस तर."

राहिलेले दोन दिवस

लेकीची सोय परिषदेने वसतिगृहात केली होती. आम्ही साध्या लॉजमध्ये राहिलो. जेवणाचा खर्च वाचवायचा तर बंगला साहिब गुरुद्वाराचा लंगर सर्वांना खुला आहे. पिवळ्याच लाईनीवर पटेल चौकला उतरून चालत जाता येते. डोके झाकावे, चपला बाहेर ठेवाव्यात आणि रांगेत बसावे. कोणी जात विचारत नाही, पैसे मागत नाही.

परतताना सिव्हिल लाइन्सला उतरून 26, अलीपूर रोडला गेलो. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांनी येथेच अखेरचा श्वास घेतला. 2018 मध्ये येथे उघड्या पुस्तकाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. विद्यापीठाला जाणाऱ्याच्या वाटेवरच ते आहे. आम्ही तिघे तेथे बराच वेळ नुसते बसून होतो.

पैशाची गोष्ट

आता कडू भाग. प्रवासखर्च मिळतो, पण आधी नाही, नंतर. आणि तोही फक्त निबंध वाचणाऱ्याचा. त्यासाठी मूळ तिकीट, हजेरीचा दाखला, बँक खात्याचा तपशील आणि सही केलेला फॉर्म द्यावा लागतो. आमचे पैसे तीन महिन्यांनी आले, तेही दोनदा आठवण केल्यावर. ज्या घरात आधी खर्च करायला पैसेच नसतात, त्या घरातील मुलगी पत्र येऊनही घरीच बसते, याचा विचार परिषदा भरवणाऱ्यांनी करावा.

तोवर आपण काय करावे? पत्र आल्याच दिवशी उत्तर लिहून विचारावे की खर्च किती, कधी आणि कोणत्या वर्गाचा मिळेल. प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवावी. हिवाळ्यात एक दिवस आधी निघावे. आणि मुलांनी घरी लिहिलेले एकदा तरी आपल्याला वाचून दाखवायला सांगावे. पुस्तकात नसलेले काही आपल्याकडे निघू शकते.

लेकीने आता वस्तीतील बायकांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली आहे. वहीत पहिले नाव आजीचे आहे. आजीला सही येत नाही. तिने अंगठा दिला.