चकती, टोपली आणि चौपटीचा हिशेब

लगोरी खेळताना एखादा मुलगा दोनदा चुकला, की बाकीचे लगेच म्हणतात, "याला नेमच नाही!" नेम ही काय जन्मतःच मिळणारी देणगी आहे? वाद घालून हे ठरणार नाही. मोजमाप करावे लागेल. त्यासाठी आपण एक खेळ मांडू या.

या खेळाचे नाव डिस्क गोल्फ. यात चेंडूऐवजी प्लॅस्टिकची चकती आणि खळग्याऐवजी खांबावरची टोपली असते. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत पाडायची. एड हेड्रिक या अमेरिकन गृहस्थांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. टोपलीवर साखळ्या लोंबत्या सोडण्याची युक्तीही त्यांचीच; तिचे पेटंट त्यांना १९७७ मध्ये मिळाले. पूर्ण खेळाला मोठा माळ लागतो. पण टोपलीजवळच्या शेवटच्या फेकीचा सराव पुण्यातल्या कुठल्याही शाळेच्या पटांगणाच्या कोपऱ्यात करता येईल.

सायकलींसाठी एके काळी प्रसिद्ध असलेल्या पुण्यात सायकलचे जुने चाक मिळणे अवघड नाही. जमिनीत एक बांबू रोवा. वरच्या टोकाला ते चाक आडवे बांधा आणि त्याला कडेने गोणपाटाच्या पट्ट्या सोडा. खाली भाजीवाल्याकडे असते तशी रुंद पाटी बसवा. चकती फळीवर आपटली तर उसळून परत येते. सैल पट्ट्या मात्र स्वतः हलतात आणि तिची गतिज ऊर्जा घेऊन टाकतात. साखळ्यांचेही काम हेच. आता तीन दिशांना ३, ६ आणि ९ मीटरवर चुन्याच्या रेघा मारा. झाले तुमचे नऊ ठिकाणांचे छोटे मैदान! फेकताना पाटीच्या पलीकडे कोणी उभे नाही, एवढे मात्र पाहा.

प्रथम चकती मुळीच न फिरवता फेका. ती डगमगेल आणि कोलांटी खाऊन पडेल. आता मनगटाला झटका देऊन फेका. ती सपाट तरंगत जाईल. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तेच तत्त्व येथे आहे. फिरणारी वस्तू आपल्या आसाची दिशा सहजासहजी सोडत नाही. चकतीची कड मुद्दाम जाड केलेली असते. वस्तुमान आसापासून जितके दूर, तितकी ही स्थिरता अधिक.

आता नेमाचा हिशेब करू. चाकाचा व्यास सुमारे ६० सेंमी धरा. म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना ३० सेंमी चूक चालेल. ३ मीटरवरून पाहिले तर ही सवलत जवळजवळ ६ अंशांची होते. ६ मीटरवर ती ३ अंशांपेक्षाही थोडी कमी, तर ९ मीटरवर २ अंशांच्या आत येते. अंतर दुप्पट, सवलत निम्मी. पण चूक जशी डावी-उजवीकडे होते, तशीच वर-खालीही होते. तीही सवलत निम्मी झाली. म्हणजे एकूण खिडकी चौथाईच उरली!

गुरुत्वाकर्षणही हाच हिशेब मांडते. चकतीचा वेग सेकंदाला १० मीटर आहे असे समजा. हवेचा आधार नसता तर ३ मीटर जाईपर्यंत ती सुमारे ४५ सेंमी खाली आली असती, आणि ६ मीटर जाईपर्यंत जवळजवळ १८० सेंमी. प्रत्यक्षात हवा तिला थोडी उचलून धरते, म्हणून ती इतकी पडत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने येथली हवा मुंबईपेक्षा सुमारे ५ टक्के विरळ असते. एवढ्या जवळून तो फरक कळणार नाही. आषाढातला पश्चिमेचा वारा मात्र नक्की कळेल. समोरून वारा आला की चकती वर उचलली जाते, पाठीमागून आला की लवकर खाली बसते. तीन दिशांच्या रेघा आखल्या त्या यासाठीच.

आता वही घ्या. प्रत्येक रेघेवरून २० फेकी करा, पडलेल्या चकत्या मोजा आणि अंतर व यश यांचा आलेख काढा. ३ मीटरवरून बहुतेक सगळ्या पडतील, म्हणून तेथे चौपटीचा नियम दिसणार नाही. अंतर वाढले की आलेख कसा झपाट्याने उतरतो ते पाहा. तो उतार तुमच्या हाताचा दोष नव्हे. ती भूमिती आहे.

आठवड्याच्या सरावानंतर पुन्हा मोजा. पण सावध राहा! १२ च्या १४ झाल्या म्हणून सुधारणा झाली असे म्हणू नका. वीस फेकींत दोन-तीनचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. पुन्हा पुन्हा मोजल्यावरही वाढ टिकली, तरच ती खरी.

तेव्हा यापुढे कोणी "याला नेमच नाही" असे म्हणाले, तर त्याला दोनच प्रश्न विचारा : किती मीटरवरून? आणि किती फेकींत?