वाचवलेली वीज कोणाच्या खात्यात?
‘आपली वीज, आपला पैसा’ : लेखांक ६

मागच्या लेखांकात घराच्या छतावरच्या सौर संचाला ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून मिळणाऱ्या ७८ हजार रुपयांपर्यंतच्या अनुदानाविषयी वाचल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न येतो. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला किती मिळतील? तहसील कार्यालयाला किती?

सरळ उत्तर असं, की या योजनेतलं अनुदान फक्त राहत्या घरांसाठी आहे. शाळेच्या किंवा सरकारी इमारतीच्या छताला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. गावाला मात्र मिळू शकतो. ग्रामपंचायतीच्या किंवा नगर परिषदेच्या हद्दीत घरावर बसलेल्या प्रत्येक संचामागे त्या संस्थेला एक हजार रुपये प्रोत्साहनपर देण्याची तरतूद आहे. शिवाय दर जिल्ह्यात एका ‘आदर्श सौर ग्रामा’ला एक कोटी रुपये मिळतात. पाच हजारांवर लोकसंख्या असलेल्या गावांनी आपसात स्पर्धा करायची आणि सगळ्यांत जास्त सौर क्षमता उभी करणाऱ्या गावानं ते न्यायचे. गावातली घरं सौर झाली की ग्रामपंचायतीच्या तिजोरीत पैसे येतात, हे आपल्या पुसद तालुक्यात किती सरपंचांना माहीत आहे?

मग शाळा आणि कार्यालयांसाठी काहीच नाही का? आहे, पण एका नावाखाली नाही. ते बिलाच्या कागदावर, शाळेच्या अनुदानाच्या नियमांत, महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या कार्यालयात आणि जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात विखुरलेलं आहे. बिलापासून सुरुवात करू.

महावितरणचं बिल हातात घेतलं की लोक फक्त देय रक्कम बघतात. ‘दर संकेत’ नावाचा छोटा रकाना असतो, तो आधी बघा. एके काळी शाळांना व्यापारी दरानं, म्हणजे दुकानाच्या दरानं, वीज मिळायची. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं ऑगस्ट २०१२ मधल्या आदेशात ‘सार्वजनिक सेवा’ असा वेगळा ग्राहकवर्ग केला. पुढे त्याचे दोन भाग झाले आणि सरकारच्या व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा-दवाखान्यांचा गट स्वतंत्र झाला. जिल्हा परिषद आणि नगर परिषदेच्या शाळा याच गटात बसतात. मीटर जुनं असेल, वर्गखोली आधी दुसऱ्या कामासाठी वापरात असेल, तर चुकीचा दर वर्षानुवर्षं चालू राहू शकतो. तो दुरुस्त करायला पंखाही बदलावा लागत नाही. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात एक अर्ज पुरतो.

त्यानंतर ‘मंजूर भार’, म्हणजे जोडणीला मंजूर असलेली क्षमता, बघा. मग तारखा. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर तत्पर भरण्याची एक टक्का सवलत असते. ऑनलाइन भरलं तर आणखी पाव टक्का. उशीर झाला की सव्वा टक्का विलंब आकार लागतो. रकमा लहान दिसतात, पण शाळेच्या बाबतीत दुखणं वेगळंच आहे. बिल येतं दर महिन्याला आणि समग्र शिक्षा अभियानाचं संयुक्त शाळा अनुदान येतं वर्षातून एक-दोनदा. ३० पर्यंत पट असेल तर दहा हजार, १०० पर्यंत पंचवीस हजार, २५० पर्यंत पन्नास हजार, अशी त्याची पायरी आहे. त्यातूनच खडू, पाणी, स्वच्छता, इंटरनेट आणि वीज. अनुदान यायला उशीर झाला की थकबाकी चढते, मग एके दिवशी वायरमन येऊन लाइन कापून जातो आणि ‘डिजिटल वर्गा’तला टीव्ही भिंतीवर नुसता टांगलेला राहतो. कितीतरी गुरुजींनी आणि मॅडमनी स्वतःच्या खिशातून लाइट बिलं भरली आहेत. त्यावर साधा उपाय असा, की अनुदान जमा झाल्याबरोबर वर्षभराच्या अंदाजानं महावितरणकडे आगाऊ रक्कम भरून ठेवावी. महावितरण ती स्वीकारतं आणि पुढच्या बिलांत वळती करतं. विलंब आकार टळतो, लाइन कापली जात नाही.

आता उपकरणांकडे येऊ, कारण या विषयात सगळ्यांत जास्त चुकीचा सल्ला इथंच दिला जातो. ‘जुने पंखे काढा, बीएलडीसी लावा, एलईडी लावा, बिल निम्मं होईल’ असं सगळेच सांगतात. हिशेब मांडून बघू या. दोन खोल्यांची शाळा, चार पंखे, चार ट्यूब. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३०. चोकवाली जुनी ट्यूब चोकसकट ५० वॅटच्या आसपास जाते, एलईडी २० मध्ये भागवते. शाळा दिवसाला सहा तास आणि वर्षाला २२० दिवस धरा, आणि युनिटमागे सगळं मिळून सात रुपये पडतात असं समजा.

चार ट्यूब बदलल्या तर वर्षाला सुमारे १५८ युनिट, म्हणजे अकराशे रुपये वाचतात. ट्यूबांचा खर्च हजाराच्या आतबाहेर, म्हणजे वर्षभरात पैसे वसूल. पंख्यांचं गणित मात्र उलटं जातं. थंडीत पंखे बंद, त्यामुळे १६० दिवसच धरू. चार पंख्यांमागे १७३ युनिट, सुमारे बाराशे रुपये. नवे चार पंखे दहा-अकरा हजारांचे. वसूल व्हायला नऊ वर्षं! विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा भरते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा जूनच्या अखेरीस उघडते. ऐन उन्हाच्या दुपारी वर्ग रिकामेच असतात, त्यामुळे नऊची दहा वर्षंही होतील. चालू स्थितीतला पंखा शाळेतून काढून टाकणं हा तोट्याचा व्यवहार आहे. जळाला की मात्र त्या जागी बीएलडीसीसारखा पाच तारांकितच आणावा. साध्या नव्या पंख्यात आणि त्याच्यात हजार-बाराशेचाच फरक असतो, तो काही वर्षांत निघतो. गंमत म्हणजे उपकरणांच्या बाबतीत संयुक्त अनुदानाचा नियमही बंद पडलेलीच बदलायला सांगतो, म्हणजे इथं नियम आणि हिशेब एकाच बाजूला आहेत.

तोच पंखा पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात लावून बघा. चोवीस तास, वर्षातले आठ महिने. एका पंख्यामागे वर्षाला जवळजवळ २६० युनिट, अठराशे रुपये. दीड वर्षात पंखा फुकट. तहसील किंवा पंचायत समितीच्या कार्यालयात हाच काळ चार वर्षांच्या पुढे जातो. म्हणून तालुक्याला उद्या शंभर पंख्यांचा निधी आला, तर पहिला हक्क रुग्णालयाचा, मग कार्यालयांचा आणि शाळांचा सर्वांत शेवटी. निधी वाटताना प्रत्येक इमारतीला दोन-दोन पंखे देऊन सगळ्यांचं समाधान करायची आपली रीत आहे. तिच्यात वीज वाचत नाही.

पण ज्याला पंखा विकत घ्यायचा असतो त्याला बिल भरायचं नसतं, हा खरा अडथळा आहे. सरकारी इमारतीचं विजेचं काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे. खरेदी सर्वांत कमी दराच्या निविदेनं. बिल मात्र कार्यालय प्रमुखाच्या ‘कार्यालयीन खर्चा’तून जातं. कमी किमतीचा पंखा जास्त वीज खातो, हा भार दुसऱ्याच लेखाशीर्षावर पडतो. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं तारांकन बंधनकारक झालं, त्यामुळे अगदीच भंगार माल थांबला. पण एक तारा आणि पाच तारे यांत मोठा फरक आहे, आणि निविदेत ‘पाच तारांकित’ हे दोन शब्द लिहिल्याशिवाय तो मिळत नाही.

समजा, एखाद्या कार्यालय प्रमुखानं मनावर घेतलं आणि वर्षाला वीस हजारांची वीज वाचवली. पुढे? अखर्चित रक्कम मार्चअखेर समर्पित होते आणि पुढच्या वर्षीची तरतूद प्रत्यक्ष खर्च बघून कमी केली जाते. वाचवणाऱ्याच्या पदरी शिक्षा आणि उधळणाऱ्याला पूर्ण तरतूद! राज्यानं २०१७ मध्ये ऊर्जा संवर्धन धोरण आणलं, पाच वर्षांत १००० मेगावॅट वाचवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. महाऊर्जा १९८५ पासून आहे, ऊर्जा लेखापरीक्षणाला साहाय्य देते, ऊर्जा बचतीचे राज्यस्तरीय पुरस्कार देते. हे सगळं चांगलंच आहे. पण ज्या हातानं बटण बंद करायचं, त्या हातापर्यंत यातलं काही पोचत नाही, तोवर कागदावरच्या मेगावॅटला अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा पेच जगात इतरांनी सोडवलाय. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं १९९४ मध्ये शाळांसाठी ‘फिफ्टी-फिफ्टी’ सुरू केलं. मुलांनी-शिक्षकांनी वापर सुधारून जेवढी ऊर्जा वाचवली, तिच्या किमतीतली निम्मी रक्कम शाळेला, निम्मी शहराला. शाळेनं ती खेळ, पुस्तकं, सहल, हवं त्यावर खर्चावी. पुढे जर्मनीतल्या अनेक गावांनी तो मार्ग उचलला. ब्रिटननं २००४ मध्ये ‘सॅलिक्स’ ही संस्था उभी करून सार्वजनिक इमारतींना बिनव्याजी कर्ज दिलं, जे बचतीतून फेडायचं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या उपक्रमांनी मिळून स्थापलेली ईईएसएल ही कंपनी याच धर्तीवर चालते. दिवे-पंखे-एसी ती स्वतःच्या पैशानं बदलते आणि खात्यानं तिला हप्त्यानं परतफेड करायची. आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागानंही तिच्याशी असा करार केला होता. मोठ्या इमारतींना हा मार्ग बरा. दोन खोल्यांच्या शाळेसाठी मात्र कोणतीही कंपनी तांड्यावर येणार नाही.

तिथं हॅम्बुर्गचीच पद्धत लागू पडते, आणि ती आणायला दिल्लीची परवानगी लागत नाही. यवतमाळ जिल्हा परिषद आपल्या सेस फंडातून किंवा पुसद नगर परिषद स्वतःच्या निधीतून देण्याचा ठराव करू शकते, की मागल्या वर्षीपेक्षा जेवढी युनिटं कमी, त्यांच्या किमतीतली निम्मी रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात. नगर परिषदेला आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर २०२० पासून चालू असलेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात अग्नी या तत्त्वाखाली ऊर्जा बचतीला गुण आहेत, आणि गुणांवर बक्षिसाची रक्कम अवलंबून आहे.

शेवटी सौर छताबद्दल, कारण ते टाळता येत नाही. वरच्या शाळेची रोजची गरज तीन युनिट आहे. एक किलोवॅटचा संच आपल्या भागात दिवसाला सरासरी चार युनिट देतो आणि शंभर चौरस फूट जागा घेतो. नेट मीटर असेल तर मे महिन्यात शाळा बंद असताना तयार झालेली वीज वाया जात नाही, खात्यात जमा राहते. हा हिशेब ३१ मार्चला बंद होतो, म्हणजे एप्रिल-मे-जूनची शिल्लक त्याच वर्षात जुलैपासून वापरता येते. शाळेच्या वेळापत्रकाला याहून सोयीचा नियम सापडणार नाही. पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून, ग्रामपंचायतीच्या निधीतून किंवा लोकवर्गणीतून आणावा लागेल. पाच किलोवॅट कशाला, गरज एकाची असताना एकच लावा. आणि थकबाकी असेल तर आधी ती मिटवा, कारण थकबाकीदार मीटरवर नेट मीटर मिळत नाही.

आपलं मूल जिल्हा परिषदेच्या किंवा नगर परिषदेच्या शाळेत असेल, तर व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सदस्य पालकच असतात हे लक्षात ठेवा. येत्या बैठकीत मागच्या बारा महिन्यांची बिलं टेबलावर मागा. दर संकेत, मंजूर भार, विलंब आकार आणि थकबाकी, एवढे चार आकडे इतिवृत्तात लिहून घ्या, आणि बचतीतला निम्मा वाटा शाळेला मिळावा असा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे पाठवा. शाळा नगर परिषदेची असेल तर तो मुख्याधिकाऱ्यांकडे द्या.

(पुढील लेखांकात : रस्त्यावरचे दिवे आणि ग्रामपंचायतीची थकबाकी)