भोपाळचा मिस्ड कॉल आणि आपल्या संस्थेचा पॉडकास्ट



हल्ली बंदरावर एक नवीन शब्द ऐकू येतो, पॉडकास्ट. संस्थेतला एखादा तरुण पोरगा म्हणतो, "आपण पण चालू करू. आपलं नाव होईल, म्हावरं थेट गिऱ्हाइकाच्या घरी जाईल." माईक येतो, नाव ठरतं, चेअरमनची मुलाखत होते. पाच-सहा भाग निघतात. मग हंगाम भरात येतो, पोरगा बोटीवर नाहीतर लिलावात अडकतो आणि सातवा भाग काही येत नाही. शेवटच्या भागाची तारीख तशीच दिसत राहते. नवीन गिऱ्हाईक ती तारीख बघून समजतो की संस्थाच बंद पडली. म्हणजे नाव कमवायला गेलो आणि होतं तेही घालवून बसलो.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. पॉडकास्ट हा शब्द 2004 मध्ये आला आणि वर्षभरातच अशा हळूहळू बंद पडणाऱ्या कार्यक्रमांना 'पॉडफेड' असं नावही मिळालं. त्यामुळे सुरू कसं करायचं हे शिकवणारे खूप भेटतील. टिकवायचं कसं, ते बघायला आपण जरा लांब, भोपाळला जाऊ.

भोपाळला समुद्र नाही. मोठा तलाव आहे, आणि मध्य प्रदेशातल्या मोठ्या धरणांमधली मासेमारी बघणाऱ्या मत्स्य महासंघाचं मुख्य ऑफिसही तिथंच आहे. पण आपल्याला हवी ती गोष्ट मासळीची नाही, आवाजाची आहे. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू केलं. छत्तीसगड आणि आजूबाजूच्या जंगलभागातल्या आदिवासींसाठी ते होतं, आणि पुढे त्याचं काम भोपाळातून चाललं. कल्पना एकदम साधी. साध्या फोनवरून एका नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. तिकडून उलट फोन येतो. बोलायचं असेल तर एक दाबा, ऐकायचं असेल तर दोन दाबा. गावात हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, नाहीतर एखादं गाणं, जे सांगायचं ते हिंदीत किंवा गोंडीत बोलायचं. ऑफिसातली माणसं ते ऐकतात, तपासतात आणि मग सगळ्यांसाठी सोडतात. फोन करणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही.

आता बघा, इथे कार्यक्रम करणारा कोण? ऐकणारेच. निवेदकाला दर आठवड्याला "आता काय बोलू?" म्हणून डोकं खाजवायची वेळच येत नाही. आपले पॉडकास्ट बंद पडतात त्याचं मोठं कारण हेच. एकटा पोरगा बोलतो, एकटाच एडिट करतो, एकटाच टाकतो. बोटीवर तांडेल एकटा असून चालतं का? खलाशी लागतात.

भोपाळवाल्यांची दुसरी बाजूही समजून घेऊ. उलट फोनचा खर्च संस्थेवर. म्हणजे लोक जितके जास्त ऐकणार, तितकं बिल जास्त. सगळी मदार अनुदानावर आणि देणग्यांवर. म्हणून पुढे त्यांनी 'बुल्टू रेडिओ' काढला. बुल्टू म्हणजे आपलं ब्लूटूथ. इंटरनेट आहे तिथे एकाने कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि मग गावात फोनवरून फोनवर फुकट द्यायचा. खर्च आधी खाली आणला, मग पसरले. आपण नेमकं उलटं करतो, आधी महागडा माईक घेतो.

आपला खर्च मुळात किती आहे? दहा मिनिटांचं साधं बोलणं पाच एमबीच्या आत बसतं. आज घराघरात व्हॉट्सअॅप आहे. तेव्हा इंजिन बंद असताना केबिनमध्ये बसायचं, वारा लागू नये म्हणून फोनवर पातळ फडकं टाकायचं आणि बोलायचं. बास झालं. स्टुडिओ नंतर बघू.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बोलायचं काय? आमच्या मते पॉडकास्ट म्हणजे सुकी मासळी आहे. ती टिकते, म्हणून त्यात टिकणारंच घालायचं. आजचा पापलेटचा भाव ही ताजी मासळी, ती दुपारपर्यंत विकली पाहिजे. तिची जागा व्हॉट्सअॅप ग्रुपवर. हवामानाचं तर नावच काढू नका. मंगळवारी "वारा शांत आहे" असं बोललात आणि कुणी ते शुक्रवारी ऐकून बोट काढली, तर त्या माणसाचं काय होईल? हवामान विभाग आणि इन्कॉइसचा ताजा इशारा तेवढा खरा. तामिळनाडूत पांबनला मच्छीमारांचं 'कडल ओसै' हे कम्युनिटी रेडिओ स्टेशन 2016 पासून आहे. कडल ओसै म्हणजे समुद्राचा आवाज. रेडिओ त्या क्षणाचा असतो, त्याला समुद्राची खबर देणं शोभतं. साठवून ठेवलेल्या आवाजाला नाही.

मग टिकणारं काय? ताजा मासा कल्ल्यावरून आणि डोळ्यावरून कसा ओळखायचा. बोंबील वलांडीवर किती दिवस आणि का वाळवतात. भर पावसात ताजी सुरमई म्हणून जी मिळते ती कुठली असते. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला, त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरला. मग छोटं पापलेट गिऱ्हाइकाने का मागू नये, हे बोटमालकाच्याच तोंडून ऐकलं तर पटतं. हे भाग दोन वर्षांनी ऐकले तरी शिळे होत नाहीत.

यातून धंदा वाढतो का? खरं सांगायचं तर पॉडकास्ट ऐकून कुणी त्याच दिवशी दोन किलो कोळंबी मागवत नाही. पहिल्या वर्षी पैसे दिसणारच नाहीत. मुंबईचे अमित वर्मा 2017 पासून 'द सीन अँड द अनसीन' हा इंग्रजी पॉडकास्ट चालवतात. सुरुवातीला भाग छोटे, नंतर काही काही तासांचे झाले. तीन वर्षांनी, 2020 मध्ये, त्यांनी लेखनाचे ऑनलाइन वर्ग सुरू केले. वर्षानुवर्षं आवाज ऐकलेल्या माणसाकडे लोक शिकायला सहज येतात. आपल्याकडे तसं चालेल ते सुक्या मासळीला, मसाल्याला, दर महिन्याच्या बांधलेल्या गिऱ्हाइकाला. पुण्या-नाशिकची बाई न बघता सुका जवळा मागवते तेव्हा ती भरवसा विकत घेत असते. वाळू नाही, मीठ जास्त नाही, हा भरवसा आवाजातून बसतो, पण सावकाश. किती जणांनी ऐकलं हा आकडा रोज बघू नका. ऑर्डर देणाऱ्याला एकच विचारा, "आमचं कुठून कळलं?" आणि ते वहीत लिहा.

राहिला वेळेचा प्रश्न. त्याचं उत्तर आपल्या कॅलेंडरातच आहे. 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे बंदी. भोपाळकडच्या पाण्यातही 16 जून ते 15 ऑगस्ट बंदी असते. बंदीत बोटी वर, माणसं घरी, जाळी विणताना तोंड मोकळं. आपल्या आया उन्हाळ्यात आगोट भरतात आणि पावसात खातात. इथे उलटी आगोट भरायची. पावसात अठरा-वीस भाग बोलून ठेवायचे आणि हंगामात पंधरा दिवसांनी एक सोडायचा. एप्रिल-मेपर्यंत ते संपतील. मग शेवटच्या भागात सांगून टाका, "आता बंदी, नारळी पुनवेला भेटू." सांगून घेतलेली सुट्टी गिऱ्हाईक समजून घेतं, न सांगता गप्प झालेला माणूस त्याला कळत नाही.

काम चौघांत वाटा. एक बोलायला, एक कापाकापीला, एक टाकायला, आणि एक बाई गिऱ्हाइकांचे व्हॉइस मेसेज जमवायला. बाई का? कारण विक्री तिच्या हातात आहे आणि गिऱ्हाईक काय विचारतं ते तिलाच माहीत. भोपाळसारखे ते मेसेजच पुढच्या भागाचा विषय होतील. कुणी तक्रार पाठवली तर तीही ऐकवा, आणि उत्तर द्या.

या बंदीत आपल्या खळ्यावर बसून कुणाला पहिला भाग बोलायचा असेल तर खाली नाव टाका. ज्यांनी सुरू करून सोडला, त्यांनी कितव्या भागाला आणि कशामुळे थांबला तेही लिहा.