पिकअपला जादा एलईडी लावताय? आधी रिले घ्या

कामरगावातून पहाटेच्या अंधारात सोयाबीनचे कट्टे भरून कारंजाच्या मार्केटला निघणाऱ्या पिकअपवाल्या भावांनो, जादा एलईडी थेट हेडलाईटच्या वायरिंगला जोडू नका. 36 वॅटचा एलईडी बार 12 व्होल्टवर साधारण 3 अँपिअर ओढतो. दोन लावले की 6. म्हणून रिलेतून जोडा: बॅटरीवरून फ्यूज, तिथून रिलेची 30 नंबरची पिन, 87 वरून लाईट. 86 ला स्विच, 85 ला अर्थ. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळच हवा, नाहीतर वायर घासून शॉर्ट झाली की आग लागू शकते.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब मला अजिबात पटत नाही. प्रकाश विखुरतो, समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात. त्यापेक्षा बार मागे हौद्याकडे तोंड करून लावा. रात्री वावरात कट्टे चढवताना खरा उपयोग तिथेच. रस्त्यावर मात्र बंद ठेवा.